झालर काढली, कार्पेट राहिलं

गेल्या जानेवारीत मी सदुसष्ट वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आता अडुसष्ट सुरू आहे आणि बरंच काही येईनासं झालं आहे. ही प्रगती कशी झाली ते सांगते.

नात तेव्हा नववीत होती. शाळेची रोबोटची टीम होती, पाच जणांची, आणि रोबोट चालवायचा रिमोट हिच्या हातात असायचा. रोबोट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मान वळवून बोलणारा, हातपायवाला कुणीतरी आला होता. प्रत्यक्षात निघाला लहान कूलरएवढा अॅल्युमिनियमचा सांगाडा. खाली चार चाकं, पोटात बॅटरी आणि वायरींचा गुंता, पुढे दोन वाकडे आकडे, विहिरीत पडलेली बादली काढायला असतात तसे. "एवढाच?" असं मी विचारलं, तर नातीनं चार दिवस मला त्याला हात लावू दिला नाही.

स्पर्धा अशी असते. मैदानात एका बाजूला तीन रोबोट, तीन वेगवेगळ्या शाळांचे. कोणाची गाठ कोणाशी ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि दर सामन्याला सोबती बदलतात. समोर तसेच दुसरे तीन. दोन मिनिटं बॉल उचलून टोपल्यांत टाकायचे. मग भोंगा वाजतो, आणि शेवटच्या तीस सेकंदांत तिघांनी मिळून वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर चढायचं. पोरं त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. एक चढला तर थोडे गुण, दोन चढले तर आणखी थोडे. पण तिघंही वर असले आणि कुणाचं एक चाकही जमिनीला टेकलेलं नसलं, तर गुणांची रास. शाळा वेगळ्या, पोरं अनोळखी, पण चढायचं मात्र सोबत. दुसऱ्याचा रोबोट खाली राहिला तर आपल्या वर चढण्याला फारशी किंमत नाही.

माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, तिच्याशी एक करार केला होता. टीम राष्ट्रीय फेरीत गेली तर दहावीतही टीममध्ये राहा. नाही गेली तर रोबोट बंद, क्लास सुरू. मी मधे पडले.

"काहून गा पोरीच्या मागे लागून राहिला?"

"आई, तू तिची वकिली करू नको. तिनं हो म्हटलं आहे."

तिनं खरंच हो म्हटलं होतं. जेवणाच्या टेबलावर दोघांनी हात मिळवले, अगदी मोठ्या माणसांसारखे. मला राग आला, पण मनात म्हटलं, माझ्यासारखी आजी पाठीशी असल्यावर पोरगी हरते कशी.

आमचा बिछायतीचा धंदा होता. लग्नाचे मंडप, स्टेज, गाद्या, खुर्च्या. हे गेल्यावर धंदा आवरला, तरी शहराबाहेर वाडीला असलेल्या गोडाऊनचा एक कोपरा मी सोडलेला नाही. तिथं अजून मंडपाचे पाइप आहेत, प्लायवूडचे तक्ते आहेत आणि गुंडाळून ठेवलेली कार्पेटं आहेत. बाहेर दिवसभर ट्रक मागे घेण्याचा आवाज आणि आत मी, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझ्या उरलेल्या राज्यात. शाळेत सरावाला जागा नाही असं कळलं तेव्हा मी पोट्ट्यांना तिथं बोलावलं आणि सांगितलं, "नवरदेवापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांले स्टेजवर चढवलं मी. तुमच्या डब्याले चढवाले काय लागते?"

आमचे जुने मिस्त्री आले. नातीनं नियमांचं पुस्तक उघडून त्यांना चौथऱ्याची मापं सांगितली. लांबी, रुंदी, उंची. मग मान वर करून मला उद्देशून वाचलं, "वरचा भाग उघडा आणि गुळगुळीत. त्यावर काहीही लावायचं नाही. आजी, ऐकलं ना?"

"हाव, ऐकलं ना."

ऐकलं होतं. शपथेवर सांगते, ऐकलं होतं. पण चौथरा तयार झाला आणि पोरं दोन दिवस शाळेच्या परीक्षेत अडकली. मी रोज गोडाऊनमध्ये जाऊन त्या उघड्या प्लायवूडसमोर बसायचे. बिछायतीतल्या माणसाला उघडं प्लायवूड दिसणं म्हणजे स्वयंपाकघरात झाकण नसलेलं दूध दिसणं. हात आपोआप पुढे जातो. मी मिस्त्रींना म्हटलं, "लाल कार्पेटचा एक तुकडा काढा." ते म्हणाले, "काकू, ताईनं तर नाही म्हटलं होतं." मी म्हटलं, "ताई नववीत आहे."

तिसऱ्या दिवशी पोरं आली तेव्हा चौथऱ्यावर लाल कार्पेट होतं, कडेवरून खाली घेऊन आतून खिळे मारलेलं. आणि चारी बाजूंनी पिवळी झालर, चुण्या घातलेली.

नातीनं झालरीचं टोक दोन बोटांनी उचलून पाहिलं.

"आजी, हे काय आहे?"

"स्टेज."

"झालर काहून लावली?"

"चांगली दिसते."

"रोबोटला डोळे नाहीत, आजी."

"तुम्हाले तर आहेत ना."

बाकीचे चौघं खाली बघून हसत होते. मग रोबोट सुरू झाला, चौथऱ्याजवळ गेला आणि पहिल्याच धडकेत झालर चाकात अडकली. मोटर कण्हली आणि गप्प झाली. अर्धा तास पोरं पोटावर झोपून चाकातून पिवळे धागे ओढत होती. नातीनं कात्री माझ्या हातात दिली. मी झालर कापली. कापताना मला असं वाटलं की मी फार मोठं मन दाखवते आहे. एवढी झालर सोडली, आता कार्पेटवरून कुणी बोलू नये, असा माझा हिशोब.

ती बोललीच. "कार्पेटपण काढ."

"खिळे ठोकले आहेत वं. आता उपटले तर प्लाय फाटते. उद्या मिस्त्री येतील तेव्हा पाहू."

आणि इथं घोटाळा झाला. त्याच दुपारी रोबोट चढला. त्याचे आकडे कार्पेटमध्ये रुतले, पुढचा भाग उचलला गेला, मागच्या चाकांनी ढकललं आणि डबा वर. पुन्हा केलं, पुन्हा वर. पाच वेळा केलं, पाचही वेळा वर. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, सगळ्यांत जोरात मी. मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले, चहा पिऊन गेले. कार्पेटचं नाव कुणी काढलं नाही. नातीनं एकदा पुस्तकातली ती ओळ बोटानं दाखवली होती, पण रोबोट चढत होता, आणि चढणाऱ्या रोबोटखालून कार्पेट ओढायला तिचंही मन होत नव्हतं. "एवढ्याशानं काय फरक पडते," मी म्हटलं. तिनं पुस्तक मिटलं.

आता यात मी फसले असं म्हणायलाही मला तोंड नाही, कारण हीच चूक मी आधी एकदा करून ठेवली होती. चोवीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि यांनी पहिल्यांदा एक आख्खं लग्न माझ्यावर सोपवलं. त्या चोवीस वर्षांच्या बाईला वाटायचं की धंद्यात आजवर सौंदर्यदृष्टीच नव्हती, ती तिच्यासोबत माहेरून आली. तिनं स्टेजच्या पायऱ्यांवर गुलाबी सॅटिन लावलं. हे म्हणाले, "अगं, पाय घसरेल कोणाचा." तिनं उत्तरच दिलं नाही, इतकी ती मोठी कलावंत. संध्याकाळी फोटोसाठी नवरदेवाकडचे सगळे एकदम चढले आणि नवरदेवाचे मामा पायऱ्या बसून उतरले. फेटा पुढे, मामा मागे. आणि ही बाई काय म्हणाली? "बुटांचे तळवे झिजले असतील." त्या मामांना ती आठवडाभर दोष देत होती. मला आज ती भेटली तर मी तिच्या हातून सॅटिनचा तागा काढून घेईन आणि तिला खुर्च्या मोजायला बसवीन. पण ती भेटेल कशी? सदुसष्टाव्या वर्षी तीच तर हातोडी घेऊन उभी होती.

स्पर्धा एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये होती. सकाळी खरा चौथरा सरावासाठी खुला ठेवला होता आणि त्यासाठी रांग होती. मी सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वड्यांचा, डबा नेला होता. नात रांगेकडे निघाली, तर मी म्हटलं, "एवढी लांब लाइन आहे. खाऊन घ्या आधी, गरम आहेत तोवर. तुमचं तर पाठ आहे." चौघं आधीच डब्याभोवती जमले होते. नातीनं रांगेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि बसली. आमचा नंबर लागायच्या आत सराव बंद झाला. सांबारवडी मात्र झकास झाली होती, सगळे म्हणाले.

पहिल्या सामन्यात भोंगा वाजला. सोबतचे दोन रोबोट चढले. आमचा चौथऱ्यापाशी गेला, त्यानं आकडे वर टाकले आणि ते घसरत खाली आले. तव्यावर उलथनं घासल्यासारखा आवाज. पुन्हा टाकले, पुन्हा घसरले. तिथं चौथऱ्यावर चकचकीत पांढरं लॅमिनेट होतं, हॉटेलातल्या टेबलासारखं. वेळ संपली तेव्हा आमचा डबा खाली, नाक वर करून, परवानगी मागितल्यासारखा उभा होता.

मी काय केलं असेल? प्रेक्षकांच्या गॅलरीतून तडक खाली गेले आणि तिथल्या स्वयंसेवकाला म्हटलं, "तुमचा चौथरा निसरडा आहे. त्यावर काही टाका."

"काकू, नियमात असंच आहे."

"नियमात निसरडा लिहिला आहे?"

"गुळगुळीत लिहिलं आहे."

मी आणखी बोलणार होते, त्याला काकू नाही, आजी म्हण, असंही सांगणार होते, पण मागे नात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिच्या डोळ्यांत नुसता हिशोब चालला होता, आणि तो हिशोब माझ्यापाशी येऊन थांबला होता. "वर जाऊन बस, आजी," ती म्हणाली.

मी वर गेले नाही. बाहेर गेले. चौकातल्या पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली. पोरांनी ती कापून आकड्यांना गुंडाळली, वरून तार बांधली. थोडा उपयोग झाला. दुसऱ्या सामन्यात चढला, तिसऱ्यात घसरला, चौथ्यात अर्धा चढून परत आला. वर बसून मी खुर्चीचा हात पिळत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की जरा डावीकडून घे, जरा जोर लाव, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की आता माझ्याकडून एक शब्दही जास्त होईल. इतकं गप्प बसायची मला सवय नाही.

पाचवा सामना शेवटचा. फळ्यावरचे गुण पाहून नातीनं टीमला सांगितलं, "तिन्ही वर गेले तरच आपण पुढे. नाहीतर नाही." सोबत एक शहरातली शाळा होती आणि एक पारशिवनीकडची. त्या पारशिवनीच्या टीमचा रिमोट एका वेणीवाल्या मुलीकडे होता. त्यांचंही आमच्यासारखंच होतं. तिन्ही वर गेले तर ते पुढे.

सामन्याआधी नातीनं तिला सरळ सांगितलं, "आमचा घसरतो. तीनदा केलं तर एकदा जातो."

"मंग आम्ही मागून ढकलून देतो ना. काहून टेन्शन घेऊन राहिली?"

"तुमचाच राहिला तर?"

"आमचा हळू चढते, पण चढते. तुमचा गेला की आमचा येते."

शहरातल्या शाळेचा रोबोट आधी जाणार, मग आमचा, शेवटी त्यांचा, असं ठरलं. बॉलचा खेळ मी पाहिलाच नाही, घड्याळ पाहत होते. भोंगा वाजला. पहिला रोबोट झटकन वर गेला. आमचा गेला, घसरला. पुन्हा टाकले आकडे, एक अडकला, एक सुटला, डबा वाकडा झाला. मागून पारशिवनीचा रोबोट आला आणि त्यानं आमच्या पाठीला नाक लावलं. ढकललं. ट्यूबचा एक तुकडा उडाला. आणखी ढकललं आणि आमचा डबा आडवा-तिडवा का होईना, वर गेला. हॉलमध्ये ओरडा झाला. आठ सेकंदं उरली होती.

त्यांचा रोबोट मागे सरला, सरळ झाला, चढू लागला. खरंच हळू चढत होता. पुढची चाकं वर आली. पोट वर आलं. मागचं एक चाक वर आलं. आणि भोंगा.

पंच वाकले. त्यांनी एक कागद त्या राहिलेल्या चाकाखालून सरकवून पाहिला. कागद अडला. चाक जमिनीला टेकलेलं होतं.

आमचा रोबोट वर, त्यांचा खाली, आणि दोघेही घरी. ज्यांनी आम्हाला वर ढकललं, ते आमच्यामुळे खाली राहिले. मला वाटलं होतं की नात रडेल. ती पंचांच्या टेबलापाशी गेली, गुणांच्या कागदावर सही केली आणि त्या मुलीच्या हातात पेन दिलं.

मग माझ्याकडे आली. "तिला सांग," म्हणाली.

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे."

मी गेले. त्या मुलीला सांगितलं की आमच्या पोरांचा रोबोट घसरला तो माझ्यामुळे. गोडाऊनमधल्या चौथऱ्यावर कार्पेट मी मारलं होतं, काढ म्हटल्यावर काढलं नव्हतं. सांगताना मला वाटत होतं की ही चिडेल, आणि चिडली तर बरं होईल.

ती म्हणाली, "आमच्यापाशी तर प्लॅटफॉर्मच नव्हता, आजी. शाळेच्या ओट्यावर चढवून पाहत होतो. म्हणून आज सकाळी सात वाजताच येऊन लायनीत लागलो. इथलं गुळगुळीत पाहिलं अन् चाकाले बारीक रबर लावलं लगेच." मग म्हणाली, "तुम्ही नव्हत्या का लायनीत?"

"आम्ही सांबारवडी खात होतो," मी म्हटलं.

ती हसली. मला हसू आलं नाही.

परत येताना गाडीत नातीनं बापाला फोन लावला. "नाही झालं, बाबा." एवढंच. मी फोन हिसकावून घेतला आणि माझा सगळा गुन्हा कबूल केला, कार्पेट, झालर, रांग, सगळं. मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "आई, सामना तर ती हरली ना?" मी त्याला म्हटलं की तू दगड आहेस. तो म्हणाला, "घरी या, जेवण थंड होतंय." घरी मी दोन दिवस त्याच्याशी भांडले. माझी चूक आणि शिक्षा तिला, हे कुठलं गणित? तो काही बोलायच्या आत नातच म्हणाली, "आजी, मी हात मिळवला होता. आणि पुस्तक माझ्याकडे होतं. मीच मिटलं." कबुलीतसुद्धा तिनं मला एकटीला मोठं होऊ दिलं नाही.

या वर्षी ती दहावीत आहे. मनीषनगरात घरापासून दोन गल्ल्यांवर क्लास आहे, पाच वाजता भरतो. रोबोट आता आठवी-नववीच्या पोरांकडे आहे. परवा ती पोरं माझ्याकडे आली, नवं नियमांचं पुस्तक घेऊन. या वर्षी चौथरा दोन पायऱ्यांचा आहे. मी त्यांना सांगितलं, मी लाकूड देईन, मिस्त्री देईन, पण पुस्तक मला समजत नाही आणि मला समजलं असं जर मी म्हटलं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. पोरं गेल्यावर पुस्तक टेबलावर पडून राहिलं.

पावणेपाचला नात खोलीतून बाहेर आली, दप्तर पाठीला लावलेलं. पुस्तक दिसलं. उभ्या उभ्याच उघडलं. पानं उलटू लागली, एका पानावर थांबली, बोटानं काहीतरी मोजलं, ओठ हलले. मी समोरच बसले होते. म्हटलं, बस ना पोरी, पाच मिनिटं उशीर झाला तर क्लास काही पळून जात नाही. मोठ्यानं म्हटलं नाही. हे न म्हणणं मला गेल्या वर्षभरात फार कष्टानं जमलं आहे आणि त्याचा मला अजिबात अभिमान नाही, नुसता ताप आहे.

पाचला पाच मिनिटं असताना तिनं पुस्तक होतं तसं ठेवलं, चप्पल घातली आणि गेली. वळून पाहिलंसुद्धा नाही. इतकी शब्दाची पक्की पोरगी कुणाच्या पोटी आली कोण जाणे, आमच्याकडे तर अशी कुणी नव्हती. मी तिच्या जागी असते तर पोट दुखण्याचं निमित्त करून क्लास बुडवला असता. मी चिडून टीव्ही लावला आणि चिडून बंद केला.

साडेसहाला फोन वाजला. क्लासची मधली सुट्टी. मागे पोरांचा गलका होता.

"आजी, पुस्तक समोर आहे का?"

"आहे."

"पान अकरा. वरच्या पायरीचं माप बाहेरून बाहेर धरायचं आहे, आतून नाही. मिस्त्रीकाका आतून धरतील. त्यांना सांग."

"सांगते."

"आणि लिहून घे. नुसतं सांगते म्हणू नको."

मी पेन शोधत होते तोवर तिकडे घंटा वाजली आणि फोन बंद झाला.